भिंतीतल्या छिद्रांचा इतिहास

गोंदिया जंक्शनाने रेल्वेची तीन मापे पाहिली आहेत. १८८० ते १८८२ या काळात नागपूरपासून राजनांदगावपर्यंत जी पहिली आगगाडी सुरू झाली, ती नागपूर-छत्तीसगड रेल्वेची होती. तिचे रूळ मीटरगेजचे, म्हणजे एकमेकांपासून एक मीटर अंतरावरचे होते. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग घेतला आणि त्याचे ब्रॉडगेज केले. आता अंतर झाले १६७६ मिलिमीटर. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी याच कंपनीने गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला जाणारी ‘छोटी लाइन’ टाकली. तिचे माप ७६२ मिलिमीटर. मापे जुळत नसल्यामुळे सातपुड्यातून आलेले लाकूड असो की धान्य, ते गोंदियाला एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावे लागे. छोटी लाइन टप्प्याटप्प्याने मोठी होत गेली आणि जबलपूरपर्यंतचे सगळे रूळ ब्रॉडगेज व्हायला २०२०-२१ साल उजाडले.

हावडा-मुंबई मार्गाने मुंबईला निघालेल्या प्रवाशाला आणखी एक विजोडपणा वाटेत भेटत असे, तो इगतपुरीला. तेथे गाडीचे इंजिन बदलायचे. कारण रुळांचे माप तेच असले तरी वरच्या तारेतली वीज वेगळी होती. मुंबईची विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी सुरू झाली ती १५०० व्होल्ट दिष्ट प्रवाहावर, कारण त्या काळी आगगाडीच्या मोटरचा वेग ताब्यात ठेवणे दिष्ट प्रवाहावरच सोपे होते. १९३० पर्यंत ही तार इगतपुरीला पोहोचली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय रेल्वेने फ्रान्समधील अनुभव पाहून २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह स्वीकारला, आणि त्यानंतर इगतपुरीच्या पलीकडे जी तार आली ती या नव्या दाबाची. चार मेगावॉटचे इंजिन १५०० व्होल्टवर सुमारे २६६७ अँपिअर प्रवाह घेते. २५,००० व्होल्टवर त्याला १६० अँपिअर पुरतात. एवढा उघड फायदा असूनही मुंबईतली जुनी तार बदलून व्हायला २०१६ साल लागले. पश्चिम रेल्वेवर ते काम २०१२ साली, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ साली आणि हार्बर मार्गावर २०१६ साली पुरे झाले. दाब वाढला की तार आणि पूल यांच्यात जास्त अंतर लागते, आणि ब्रिटिशांच्या काळातले कित्येक पूल गाडीच्या छताच्या फार जवळ होते.

रूळ बदलायचे तर डबे बदलावे लागतात, डबे बदलायचे तर रूळ. आपल्या वर्गाच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डाचीही गोष्ट अशीच आहे. त्यावर तीन छिद्रांचे एक लहान सॉकेट असते आणि एखादे मोठे. दोन कशाला, आणि दोन्हींत वरचे छिद्र मोठे का, असे मुले विचारतात. परदेशी जाऊन आलेला नातेवाईक असेल तर तिकडचा प्लग चपट्या पिनांचा का, हेही विचारतात. या प्रश्नांची उत्तरे भौतिकशास्त्रात थोडी आणि इतिहासात जास्त आहेत.

प्लग सॉकेटमध्ये बसतो तेव्हा तीन वेगवेगळे करार पाळले जात असतात. पिनांचा आकार हा पहिला, विद्युतदाब हा दुसरा आणि प्रत्यावर्ती प्रवाहाची वारंवारता हा तिसरा. हे तिन्ही करार वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कारणांसाठी केले. आकार पाहून दाब ओळखता यावा, अशी योजना कोणी एकदम बसून केली नाही.

दाबापासून सुरुवात करू. सप्टेंबर १८८२ मध्ये एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट येथील केंद्रातून वीज विकायला सुरुवात केली. त्याच्या कार्बनच्या तंतूचा दिवा साधारण शंभर व्होल्टवर नीट टिकायचा. वाटेत तारेत होणारी घट धरून केंद्रातून ११० व्होल्ट सोडले जात. अमेरिकेचा आजचा १२० व्होल्टचा दाब हा त्या कोळशाच्या तंतूचा वारस आहे. युरोपात विजेचा प्रसार थोडा उशिरा झाला आणि तोवर दिवे सुधारले होते. बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९ साली ग्राहकांचा पुरवठा २२० व्होल्टवर नेला आणि लोकांची जुनी उपकरणे बदलून देण्याचा खर्च स्वतः सोसला. हा दानधर्म नव्हता. तेवढीच शक्ती दुप्पट दाबाने पाठवली तर प्रवाह निम्मा होतो आणि तारेत टक्केवारीने तेवढीच घट चालणार असेल तर एक चतुर्थांश तांबे पुरते. हे गणित दहावीच्या वर्गात पाच मिनिटांत करून घेता येते. अमेरिकेतल्या अभियंत्यांनाही ते ठाऊक होते, पण तोवर तिथे दिवे आणि ग्राहक इतके झाले होते की बदलणे परवडेना. उशिरा आलेल्याला कधीकधी चांगले माप मिळते ते असे.

भारतात ब्रिटिश कंपन्यांनी २०० ते २५० व्होल्टच्या आसपासचे दाब आणले. १९१० च्या वीज कायद्यानुसार परवाना एकेका भागापुरता मिळे, त्यामुळे गावोगावच्या कंपन्यांचा कारभार स्वतंत्र होता. कलकत्त्यासारख्या शहरात दिष्ट प्रवाहाचे काही भाग कित्येक दशके टिकून होते. म्हणून जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंमध्ये दोन्ही प्रवाहांवर चालणारे संच मिळत आणि काहींच्या पाठीला दाब निवडण्याची खुंटी असे. बदली होऊन दुसऱ्या शहरात गेलेल्या माणसाने आधी ती खुंटी पाहायची. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्यांची मंडळे आली आणि हळूहळू सगळीकडे एकच दाब, एकच वारंवारता झाली. या एका बाबतीत आपण जपानच्या पुढे आहोत, ते पुढे येईलच.

पण आपला दाब नेमका किती? पाठ्यपुस्तकात २२० व्होल्ट सापडतो, उपकरणावर २३० छापलेला असतो आणि जुना वायरमन २४० म्हणतो. गावातल्या डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, जी पत्र्याची पाटी असते तिच्यावर बहुधा ११,०००/४३३ असे आकडे दिसतील. (ती कुंपणाबाहेरूनच वाचावी.) ४३३ हा दोन फेजमधला दाब. त्याला तीनच्या वर्गमुळाने, म्हणजे १.७३२ ने, भागले की एका फेजचा दाब मिळतो आणि तो येतो २५० व्होल्ट. डीपीजवळच्या घरात २५० च्या आसपास आणि ओळीच्या मध्यावर २३० पोहोचावेत, असा हिशेब आहे. एडिसनने शंभराचे एकशे दहा केले त्याच जातीची ही युक्ती. ओळीच्या टोकाला मात्र हिशेब चुकतो. गोंदिया, भंडारा भागात उन्हाळी धानाला पाणी देणारे पंप एकाच वेळी सुरू झाले की टोकाच्या शेतात दाब घसरतो. पंपाची प्रवर्तन मोटर तेवढेच पाणी उचलायला अधिक प्रवाह ओढते, तापते आणि तिचे वेटोळे जळते. परदेशी न जाता, योग्य प्लग योग्य सॉकेटमध्ये असतानाही उपकरण आणि दाब विजोड होऊ शकतात.

आकडे बदलूनही काही न बदलल्याचे एक गमतीचे उदाहरण ब्रिटनचे आहे. युरोपातील बहुतेक देश २२० व्होल्टचे, ब्रिटन २४० चे. सर्वांनी २३० व्होल्ट मान्य करायचे ठरले आणि १९९५ पासून ब्रिटनचा अधिकृत दाब २३० झाला. मात्र वर दहा टक्के आणि खाली सहा टक्के फरक चालेल असे ठरवल्याने मर्यादा झाली सुमारे २१६ ते २५३ व्होल्ट. जुना २४० त्यात आरामात बसला. एकही रोहित्र हलवावे लागले नाही.

वारंवारतेचा इतिहास त्याहून लहरी आहे. जर्मनीतल्या एईजी कंपनीने ५० हर्ट्झ धरले, अमेरिकेत वेस्टिंगहाउसने ६०. दोन्ही चालतात. जपानमध्ये १८९५ साली तोक्योसाठी जर्मन जनित्रे आणली गेली आणि १८९६ साली ओसाकासाठी अमेरिकन. आजही जपानचा पूर्व भाग ५० हर्ट्झवर आणि पश्चिम भाग ६० हर्ट्झवर आहे. भिंतीवरचा प्लग मात्र सारखाच आणि दाबही दोन्हीकडे १०० व्होल्ट. मार्च २०११ च्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर पूर्वेकडची अनेक वीज केंद्रे बंद पडली तेव्हा पश्चिमेकडे असलेली वीज तिकडे नेता येईना. दोन्ही भागांना जोडणाऱ्या वारंवारता-परिवर्तक केंद्रांची एकूण क्षमता त्या वेळी सुमारे १००० मेगावॉट होती. तुलनेसाठी, आपल्या जिल्ह्यातल्या तिरोड्याच्या औष्णिक केंद्राची क्षमता ३३०० मेगावॉट आहे. शंभर वर्षांपूर्वी दोन शहरांनी दोन दुकानांतून यंत्रे घेतली, त्याची किंमत तोक्योच्या परिसराने त्या वर्षी आळीपाळीने वीज बंद ठेवून मोजली.

आपल्याकडेही थोडे तसे होते. दक्षिण भारताचे जाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याशी ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत जोडलेले नव्हते. दोन्हीकडे ५० हर्ट्झच, पण ठोके एका तालात नव्हते. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावती येथील केंद्रात प्रत्यावर्ती प्रवाहाचा दिष्ट करायचा आणि लगेच पलीकडच्या तालावर पुन्हा प्रत्यावर्ती करायचा, असे करून वीज दक्षिणेला दिली जाई. गोंदियाला माल उतरवून पुन्हा चढवत, तसेच हे काम, फक्त विजेचे. २०१३ च्या अखेरीस रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि सगळा देश एका तालावर आला.

वारंवारता बदलली तर घरात काय होते? जुन्या तबकडीयंत्रांत मोटरचा वेग वारंवारतेवर बेतलेला असे. अमेरिकेत ६० हर्ट्झवर ३३ फेरे घेणारे यंत्र दाब उतरवणारे रोहित्र लावून येथे आणले, तरी ते ५० हर्ट्झवर सुमारे अठ्ठावीस फेरेच घेते. स्वर पाच षष्ठांश वारंवारतेवर येतो, म्हणजे सुमारे तीन श्रुत्यंतरे नव्हेत, तर हार्मोनियमच्या तीन पट्ट्या उतरतो. काळी पाचमध्ये गायलेले गाणे पांढरी पाचच्या आसपास ऐकू येते आणि गायकाला झोप आल्यासारखे वाटते. संगीत आणि विज्ञान दोन्ही शिकवणारा एखादा शिक्षक असेल तर हे गणित त्याने जरूर करून घ्यावे.

आता आकार. घरात वीज आली ती फक्त दिव्यासाठी आली आणि तेव्हा प्लगच नव्हता. भिंतीत किंवा छताला दिव्याचा होल्डर असे, एवढेच. ब्रिटिशांनी दोन खुंट्यांचा होल्डर आणला, आपण त्याला पिन होल्डर म्हणतो. अमेरिकेने आणि जर्मनीने एडिसनचा आट्यांचा घेतला. पुढे इस्त्री, पंखा, रेडिओ आले तेव्हा लोकांनी बल्ब काढून त्याच होल्डरला तार जोडली. अमेरिकेत हार्वी हबेल याने १९०४ च्या सुमारास होल्डरमध्ये पिळून बसवायचा आणि पिना ओढून सुटा होणारा प्लग केला, तोही याच अडचणीपोटी. आपल्याकडे होल्डरला लावायचा दुतोंडी जोड एका तोंडाने बल्ब आणि दुसऱ्याने इस्त्री सांभाळत असे. बल्बच्या बारीक तारेतून इस्त्रीचा प्रवाह नेणे किती वाईट, हे ओळखायला त्या होल्डरचा काळवंडलेला रंग पुरे. शिवाय होल्डरला दोनच तारा. तिसरी, भूसंपर्काची, नाहीच.

दोन आकारांचे मूळ येथे आहे. उष्णता देणाऱ्या उपकरणांना जाड तार हवी, म्हणून त्यांचे सॉकेट वेगळे आणि मोठे केले. त्यात दराचाही भाग होता. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे एकदम लागत आणि दिवसा कंपनीची यंत्रे रिकामी असत; म्हणून अनेक ठिकाणी दिव्याच्या विजेचा दर जास्त आणि शेगडी, मोटर यांचा कमी ठेवला होता. त्यासाठी मीटर वेगळा, तारा वेगळ्या. मोठ्या सॉकेटला अजूनही ‘पॉवर प्लग’ म्हणतात, जणू लहान सॉकेटातून शक्ती येतच नाही. इटलीत हेच घडले: दिव्याच्या विजेसाठी १० अँपिअरचा आणि ‘शक्ती’साठी १६ अँपिअरचा प्लग. दरांतला फरक १९७० च्या दशकात गेला, दोन प्लग राहिले.

ब्रिटनने १९३४ साली गोल पिनांच्या प्लगांचे मानक काढले, त्याचा क्रमांक ५४६. त्यात २, ५, १५ आणि ३० अँपिअरचे आकार होते. आपल्या भिंतीवर आहेत ते त्यांतले मधले दोन. लहान प्लगच्या खालच्या दोन पिनांच्या मध्यांतले अंतर १९.०५ मिलिमीटर, मोठ्याचे २५.४. मेट्रिक पद्धतीत हे आकडे विचित्र दिसतात, कारण ते आहेत पाऊण इंच आणि एक इंच. १९४७ साली आपण इंग्रजांना निरोप दिला आणि दशमान पद्धतही पुढे स्वीकारली, पण त्यांचा इंच भिंतीत राहून गेला.

गंमत अशी की त्याच १९४७ साली इंग्रजांनी हा प्लग सोडायला सुरुवात केली. युद्धानंतर लाखो घरे नव्याने बांधायची होती आणि तांब्याचा तुटवडा होता. घरातल्या सगळ्या सॉकेटांना एकाच कड्यासारख्या तारेवर घ्यायचे आणि प्रत्येक प्लगमध्ये स्वतःची वितळतार ठेवायची, असा मार्ग निघाला. चौकोनी पिनांचा १३ अँपिअरचा ब्रिटिश प्लग तो हाच. तो सुचवणाऱ्या समितीवर कॅरोलिन हॅस्लेट ही एकच स्त्री होती. लहान मुलांची बोटे आत जाऊ नयेत म्हणून छिद्रांवर झडप असावी हा आग्रह तिने लावून धरला. ब्रिटनमध्ये १५ अँपिअरचा गोल पिनांचा प्लग आता मुख्यतः नाटकगृहांतल्या दिव्यांना दिसतो. दक्षिण आफ्रिकेत मात्र तोच पुढे घरोघरी राहिला.

भारताने आपल्या आयएस १२९३ या मानकात गोल पिनाच ठेवल्या. आंतरराष्ट्रीय पसंतीचे आकडे धरून ५ चे ६ आणि १५ चे १६ अँपिअर झाले, आकार तोच. १९४७ साली वीज असलेली भारतीय घरे फार थोडी होती, तेव्हा बदल स्वस्तात झाला असता, असे कोणी म्हणेल. माझ्या मते त्यात हळहळण्यासारखे काही नाही. गोल पिनांचा प्लग नीट बनवला आणि नीट जोडला तर चांगला आहे. सगळ्या जगाचा एकच प्लग करण्याचा प्रयत्नही झालेला आहे. १९८६ साली आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने तसे मानक छापले. युरोपने १९९० च्या दशकात त्याचा नाद सोडला. ब्राझीलने ते जवळजवळ तसेच घेतले, पण त्या देशात काही शहरांत १२७ व्होल्ट आणि काही शहरांत २२० व्होल्ट आहेत, आणि प्लग दोन्हीकडे एकच!

आकार वेगळा असण्याचा एक मोठा उपयोग यावरून लक्षात यावा. अमेरिकेहून आणलेली १२० व्होल्ट, १२०० वॉटची इस्त्री घ्या. तिचा रोध १२ ओहम. आपल्या २३० व्होल्टवर तिच्यातून सुमारे १९ अँपिअर प्रवाह जाईल आणि शक्ती होईल ४४०० वॉट. वितळतार वेळेवर गेली तर ठीक. अमेरिकन चपट्या पिना आपल्या गोल छिद्रांत शिरत नाहीत, हीच तेथली राखण. बाजारात मिळणारा ‘जगभर चालणारा’ जोड ही राखण काढून घेतो. तो आकार बदलतो, दाबाला हातही लावत नाही. उलट दिशेने धोका कमी. परदेशी स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सामानात येथला मिक्सर हमखास असे. अमेरिकेत निम्म्या दाबावर तो घरघरत राहतो आणि खोबरे काही वाटले जात नाही. येथली १००० वॉटची इस्त्री तिकडे जेमतेम २७० वॉटची होते. मोबाइलच्या चार्जरने हा प्रश्न आतूनच सोडवला. त्याच्यावर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे लिहिलेले असते, कारण तो आलेल्या विजेचा आधी दिष्ट प्रवाह करतो आणि मग हवा तो दाब बनवतो. त्याला दुसरा आणि तिसरा करार लागतच नाही.

पहिला मात्र लागतो, आणि आपल्याकडची खरी अडचण येथे आहे. युरोपचा दोन पिनांचा चपटा प्लग ४ मिलिमीटर जाडीच्या पिनांचा असतो. आपल्या लहान सॉकेटची छिद्रे ५ मिलिमीटरच्या पिनांसाठी आहेत, आणि दोन पिनांतले अंतर जवळजवळ सारखे आहे. म्हणून तो आत जातो, पण सैल बसतो. सैल जोडाचा रोध जास्त, आणि प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध एवढी उष्णता त्या एका बिंदूवर निर्माण होते. चार्जर लावताना चट्‌चट् आवाज येतो आणि कालांतराने सॉकेटचे प्लास्टिक पिवळे पडते, त्याचे कारण हे. जर्मन पद्धतीचा जाड गोल प्लगही आपल्या बहुपयोगी सॉकेटमध्ये जातो. त्याच्या भूसंपर्काच्या पट्ट्या कडेला असतात. आपल्या सॉकेटमध्ये तेथे काहीच नसते. एका प्रयोगशाळेत आलेले परदेशी उपकरण असे कित्येक महिने चाललेले मी पाहिले आहे. कोणी त्याला हात लावला की मुंग्या येत, आणि सगळे रबरी चपला घालून काम करत.

या मुंग्या शाळेच्या संगणक कक्षातही अनेक शिक्षकांनी अनुभवल्या असतील. संगणकाच्या आत वीज स्वच्छ करणाऱ्या गाळणीत दोन छोटे धारित्र असतात: एक विद्युन्मय तारेपासून पेटीपर्यंत, दुसरे तटस्थ तारेपासून पेटीपर्यंत. पेटी जमिनीशी जोडलेली असेल तर त्यांतून जाणारा किंचित प्रवाह निमूटपणे जमिनीत जातो. जोडलेली नसेल तर पेटी दोघांच्या मधोमध, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर, तरंगत राहते. प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशात असल्याने इजा होत नाही, पण तो एक निरोप आहे: तिसरे छिद्र मुके आहे. त्याच बोर्डावर उद्या पाणी तापवायची कळशी किंवा कूलर लावला, आतली विद्युन्मय तार सुटून पत्र्याला टेकली, तर पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील, वितळतार जाणार नाही आणि कोणीतरी ओल्या हाताने स्पर्श करेपर्यंत काहीच कळणार नाही.

तिसरी पिन लांब आणि जाड का, हा परीक्षेतला नेहमीचा प्रश्न. ‘जाड असल्याने रोध कमी’ हे मुलांचे उत्तर चूक म्हणता येत नाही, पण पितळेच्या ५ मिलिमीटरच्या पिनेचा रोधही नगण्यच असतो. लहान प्लगची ही पिन सुमारे २१ मिलिमीटर लांब आणि बाकीच्या दोन सुमारे १५. त्यामुळे प्लग घालताना भूसंपर्क सर्वांत आधी जुळतो आणि काढताना सर्वांत शेवटी सुटतो. जाडी ७ मिलिमीटर ठेवली, म्हणजे उलटा धरून प्लग खुपसला तरी ती विद्युन्मय छिद्रात जाणार नाही. झडप असलेल्या सॉकेटात याच लांब पिनेने बाकीची दोन छिद्रे उघडतात. म्हणूनच तेथे दोन पिनांचा प्लग बसवण्यासाठी लोक वरच्या छिद्रात पेनाचे टोपण किंवा काडी घालतात. वर्गात हे होताना दिसले तर थांबवावे.

शाळेत तपासायचे ते एवढे. वायरमन येईल तेव्हा त्याला प्रत्येक सॉकेटच्या विद्युन्मय आणि भूसंपर्काच्या छिद्रांत टेस्ट लॅम्प लावायला सांगावे. दिवा पूर्ण उजेडाने पेटला पाहिजे. मंद पेटला तर तार आहे पण जमिनीशी जोड कच्चा आहे. प्रवाहातला तीस मिलिअँपिअरचा फरक ओळखून वीज तोडणारा स्विच मुख्य बोर्डावर असेल, तर या चाचणीत तोच पडेल, आणि पडायलाच हवा. हे काम विद्यार्थ्यांकडून करून घेऊ नये. मग शाळेच्या मागे भूसंपर्काचा खड्डा कोठे आहे तो शोधावा. मीठ, कोळसा आणि त्यात पुरलेला नळ किंवा पत्रा, असा तो असतो. बऱ्याच शाळांत त्याच्यावर कचरा किंवा फरशी आलेली असते. मातीत ओल असेल तरच तो काम करतो. धानाच्या या प्रदेशात पावसाळाभर त्याची काळजी नसते, पण मार्च उलटला की माती भेगाळते आणि तिचा रोध वाढतो. नळाच्या तोंडाशी असलेल्या चाडीत आठवड्यातून एकदोनदा बादलीभर पाणी ओतावे.